दीड इंची स्क्रू

लोखंडाचे नकोत, पितळेचेच आण,
असं निघताना मीच मला बजावलं.
इथला खारा वारा आठ महिन्यांत खिळा खातो
आणि भिंतीवर तांबडा ओघळ ठेवून जातो,
पान खाऊन कुणी थुंकल्यासारखा.

फळी तशी साधीच. फणसाची.
दोन वर्षं पलंगाखाली आडवी.
कुणी विचारलं की म्हणायचं, वाळतेय.
वासू मेस्त्री म्हणाला होता,
"वयनी, तुमाला जमाचा नाय ता. मी येतंय आयतवारी."
त्या आयतवाराला आता दाढी आली असेल.
शेवटी गिरणीवाल्या दळव्यांचं ड्रिल मागून आणलं
आणि आज सायकल काढली.

मागच्या चाकात एक आवाज आहे.
टिक. टिक.
तेल घालून झालं, तारा आवळून झाल्या,
एकदा चाक उलटं टांगून अर्धा तास नुसतं बघत बसले.
आता मी तो मोजते.
वाघजाईच्या देवळापासून उताराच्या तोंडापर्यंत
दोनशे सतरा, एखादा इकडेतिकडे.
उतारावर मात्र गप्प,
जणू माझ्यासारखीच त्यालाही धास्ती.

धोपाव्याच्या धक्क्यावर जंगलजेटी नुकतीच सुटलेली.
मग पुढची.
बर्फाचा टेम्पो, दोन पुण्याच्या गाड्या, मी.
एक काच खाली आली:
"काकू, सायकलवर? कुठून आलात?"
"वेलदूरहून."
"लांब आहे?"
"नाही, हे मागेच."
काच वर गेली. गोव्याहून म्हटलं असतं
तर एक फोटो तरी निघाला असता.

पिशवीत नवी पाणसळ होती, पिवळी, हातभर.
सहज कठड्यावर ठेवून पाहिली.
बुडबुडा समुद्राकडे गेला,
परत आला,
खाडीच्या वरच्या अंगाला जाऊन थांबल्यासारखा झाला
आणि थांबला नाही.
दप्तर पोटाशी धरून बसलेला एक मुलगा वाकला.
"ह्या काय?"
"सरळ कुठे आहे ते कळतं यात."
त्याने बराच वेळ पाहिलं,
इंजिनाचा सूर बदलेपर्यंत, दाभोळचे माड मोठे होईपर्यंत.
"मंग कुठंच नाय," म्हणाला.

हमदुल्यांच्या दुकानात साठ खण, एकावरही चिठ्ठी नाही.
लतीफभाईंचा हात न बघता नेमक्या खणात जातो,
मला माझ्याच डब्यांत जिरं सापडत नाही.
आठ मागितले, त्यांनी नऊ बांधले.
"एक पडतोच," म्हणाले,
आणि नवव्याचे पैसे घेतले नाहीत.

पडला.
ओट्यावर चढून तिसरं भोक पाडताना,
सिलिंडरच्या मागे, जिथे हात जात नाही आणि झाडू पोचतो
पण आणत काही नाही.

रात्री हेमूचा फोन. तो जहाजावर कुक.
कुठल्या समुद्रात आहे ते विचारायचं मी सोडलंय,
सांगितलं तरी मला नकाशात सापडत नाही.
"बसली फळी?"
"बसली. बुडबुडा जरा खिडकीकडे सरकतो."
"भिंतच तशी असेल. चिऱ्याची."
"तुझ्याकडे?"
"आज बरंय. काल चमचे टेबलावरून चालत होते."
मग दोघंही काही वेळ बोललो नाही.
पैसे त्याचे जात होते.

पहिली मिठाची बरणी ठेवली
आणि खाली हात धरून उभी राहिले, किती वेळ कोण जाणे.
मग पोहे. मग आमसुलं.
मग हात काढला.

आयतवारी वासू मेस्त्री आला. खरोखर आला.
फळीवरून अंगठा फिरवला,
खालून वाकून स्क्रूची डोकी पाहिली,
बरं म्हणाला नाही, वाईटही म्हणाला नाही.
चहा घेतला, बशीत ओतून.
पायरी उतरताना सायकलपाशी थांबला.
"काल रस्त्यानं ऐकला मी.
तो आवाज चाकाचा नाय, वयनी.
पायडलचा हाय."